विश्लेषण : थेरपी अ‍ॅपचे नुसते भाषांतर का पुरत नाही? कोण होते इग्नासिओ मार्टिन-बारो?

अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत लॅटिनो किंवा हिस्पॅनिक वंशाच्या लोकांची संख्या ६ कोटी २१ लाख होती. म्हणजे तिथल्या जवळपास दर पाच माणसांमागे एक. या समाजाला स्पॅनिश बोलणारे थेरपिस्ट पुरेसे मिळत नाहीत, थेरपीचे शुल्क अनेकांच्या आवाक्याबाहेर असते आणि मोबाइल मात्र हातात असतो. त्यामुळे लॅटिनोंसाठी मानसोपचाराचे अ‍ॅप ही कल्पना पुन:पुन्हा पुढे येते. असे अ‍ॅप संस्कृतीचे भान ठेवणारे हवे, यावरही जवळपास एकमत आहे. पण भान ठेवायचे म्हणजे नेमके काय करायचे? या प्रश्नाच्या मुळाशी गेले की एका मानसशास्त्रज्ञाचे नाव समोर येते. त्यांनी मोबाइल अ‍ॅप कधी पाहिले नाही. १६ नोव्हेंबर १९८९ च्या पहाटे एल साल्वादोरच्या सैनिकांनी त्यांना विद्यापीठाच्या आवारात गोळ्या घातल्या.

अडचण भाषेचीच आहे का?

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्ही प्रोजेक्ट म्हणून आरोग्याचे एक अ‍ॅप केले होते. त्याची मराठी आवृत्ती सबमिशनच्या आदल्या रात्री तयार झाली. अ‍ॅपमधली सगळी वाक्ये एका फाइलमध्ये असतात. तिचे भाषांतर करून ती शेजारी ठेवली की झाली नवी भाषा. आम्ही मशीनवर भाषांतर केले आणि आमचे अ‍ॅप उदास माणसाला ‘तुम्ही खाली आहात का’ असे विचारू लागले. हसून आम्ही तसेच सबमिट केले.

लॅटिनोंसाठीच्या अ‍ॅपमध्ये इतकी ढोबळ चूक सहसा होत नाही. नैराश्य मोजायची ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली घ्या. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. तिचे चांगले स्पॅनिश भाषांतर केव्हाच झाले आहे. तरीही पेच उरतात. स्पॅनिशमध्ये समोरच्याला ‘तू’ म्हणायचे की आदरार्थी ‘उस्तेद’, हे ठरवावे लागते. एल साल्वादोरमध्ये तर जवळच्या माणसाला ‘वोस’ म्हणतात. साठीच्या आजींना अ‍ॅपने पहिल्याच स्क्रीनवर एकेरीत हाक मारली तर काय होईल, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. शिवाय दु:खाची नावेही वेगळी असतात. अनेक लॅटिनो घरांत माणूस नैराश्य आले असे म्हणत नाही. त्याला ‘नेर्व्हिओस’चा त्रास असतो, म्हणजे नसांचा, अंगभर जाणवणारा. त्याचा झटका येणे या प्रकाराला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संदर्भग्रंथाने १९९४ च्या आवृत्तीत संस्कृतिसापेक्ष त्रास म्हणून जागा दिली. पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, पोर्तो रिकोतील गिएर्मो बेर्नाल आणि सहकाऱ्यांनी लॅटिनोंसाठी उपचार बदलताना पाहायच्या आठ गोष्टी मांडल्या. भाषा ही त्या आठांपैकी फक्त एक होती. उपचार देणारी व्यक्ती, रूपके, आशय, संकल्पना, उद्दिष्टे, पद्धती आणि संदर्भ या बाकीच्या सात.

यातला शेवटचा, संदर्भाचा मुद्दा अ‍ॅपला सर्वात जड जातो. बहुतेक अ‍ॅप्स विचार आणि वर्तन बदलणाऱ्या थेरपीवर, म्हणजे ‘सीबीटी’वर, उभी असतात. मनात भीतीचा विचार आला की तो लिहायचा, त्याला पुरावा काय ते तपासायचे, अतिशयोक्ती सापडली की विचार दुरुस्त करायचा. परीक्षेच्या भीतीवर हे छान चालते. पण दार वाजले की छातीत धडधडते, असे लिहिणाऱ्या माणसाकडे अमेरिकेत राहण्याची कागदपत्रेच नसतील तर? त्याच्या भीतीत चूक नाही. दुरुस्त काय करायचे? इग्नासिओ मार्टिन-बारो यांनी आयुष्यातली शेवटची दहा वर्षे जवळपास याच प्रश्नावर काढली.

कोण होते मार्टिन-बारो?

जन्म ७ नोव्हेंबर १९४२, स्पेनमधील वायादोलिद. १९५९ मध्ये ते जेझुइट या ख्रिस्ती पंथात दाखल झाले आणि तरुणपणीच मध्य अमेरिकेत आले. तत्त्वज्ञान कोलंबियातील बोगोटा इथे शिकले, धर्मशास्त्राचा काही अभ्यास युरोपात झाला. ओळखीचे लोक त्यांना ‘नाचो’ म्हणत. इग्नासिओ नावाचे ते स्पॅनिश लाडके रूप आहे. आपण खातो ते नाचोजही अशाच एका मेक्सिकन इग्नासिओच्या नावावरून आले, पण तो माणूस वेगळा.

एल साल्वादोर हा जेमतेम २१ हजार चौरस किलोमीटरचा देश. जमीन मोजक्या घराण्यांकडे, कॉफीचे मळे त्यांचे, राबणारे बाकीचे. राजधानी सान साल्वादोरमध्ये १९६५ साली जेझुइटांच्या पुढाकाराने ‘मध्य अमेरिकी विद्यापीठ’ सुरू झाले. ‘ऊका’ या लघुनामाने ते ओळखले जाते. मार्टिन-बारो तिथे शिकवू लागले आणि मानसशास्त्राची पदवी त्यांनी तिथेच १९७५ मध्ये घेतली. म्हणजे धर्मगुरू आधी आणि मानसशास्त्रज्ञ नंतर, वयाच्या तिशीत. पुढच्या शिक्षणासाठी ते शिकागो विद्यापीठात गेले. १९७७ मध्ये एमए, १९७९ मध्ये पीएचडी. प्रबंधाचा विषय होता एल साल्वादोरमधील गरीब वस्त्यांतील घरांमधली दाटी. एका खोलीत किती माणसे राहतात हा आकडा एक, आणि त्या माणसांना गर्दी कितपत जाणवते हे दुसरे, असा त्या अभ्यासाचा गाभा होता. अनुभव आकड्याच्या पलीकडे असतो, पण आकडा टाकून देऊन चालत नाही, ही त्यांची सवय इथूनच दिसते.

ते परतले का?

शिकागोत असताना मायदेशाहून, म्हणजे त्यांनी मायदेश मानलेल्या देशाहून, येणाऱ्या बातम्या वाईट होत्या. मार्च १९७७ मध्ये रुतिलियो ग्रांदे या जेझुइट धर्मगुरूंची हत्या झाली. शेतमजुरांना संघटित व्हायला मदत करणे हा त्यांचा गुन्हा. त्याच वर्षी उजव्या गटांनी सगळ्या जेझुइटांना देश सोडण्याची, नाहीतर मारले जाण्याची धमकी दिली. विद्यापीठात अनेकदा बॉम्ब फुटले. शिकागोची डॉक्टरेट हातात असलेल्या माणसाला जगात कुठेही नोकरी मिळाली असती. मार्टिन-बारो सान साल्वादोरला परतले. २४ मार्च १९८० रोजी आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना प्रार्थना चालू असताना गोळी घालण्यात आली आणि देश यादवी युद्धात गेला. १९९२ पर्यंत चाललेल्या या युद्धात सुमारे ७५ हजार माणसे मेली. सरकारी फौजांना अमेरिकेची अब्जावधी डॉलरची मदत होती.

मार्टिन-बारो या काळात मानसशास्त्र विभागाचे प्रमुख आणि विद्यापीठाचे उपकुलगुरू होते. शनिवार-रविवारी ते खायाके या गावात धर्मगुरू म्हणून जात, तिथल्या लोकांसोबत गिटार वाजवत. वर्गातले बरेच विद्यार्थी मात्र सुस्थितीतल्या घरांतले असत. ही विसंगती त्यांना ठाऊक होती. युरोपीय, गोरा, उच्चशिक्षित माणूस साल्वादोरी शेतमजुराचे मन सांगणार, यात काय अर्थ, हा आक्षेपही गैर नाही. आज एखाद्या अ‍ॅप कंपनीने अशी नेमणूक केली असती तर समाजमाध्यमांवर टीका झालीच असती. मार्टिन-बारो यांचे वेगळेपण हे की त्यांनी आपले शिकलेले शास्त्रच आधी संशयाने पाहिले. अमेरिकी पाठ्यपुस्तकातील सिद्धांत आणून इथल्या माणसांना लावायचे, ही पद्धत त्यांनी नाकारली. इथल्या माणसांच्या अडचणीपासून सुरुवात करायची, त्या उलगडायला जो सिद्धांत उपयोगी पडेल तो घ्यायचा, नाही पडला तर नवा बनवायचा. १९८६ च्या एका लेखात त्यांनी या दृष्टीला मुक्तीचे मानसशास्त्र असे नाव दिले.

मनाचे आजार कुठे असतात?

व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवांमुळे १९८० मध्ये ‘पीटीएसडी’ हे निदान अधिकृत झाले. भयंकर घटना घडते, संपते आणि तिचा आघात माणसाच्या डोक्यात मागे राहतो, असे त्याचे स्वरूप. एल साल्वादोरमध्ये काहीच संपलेले नव्हते. रात्री माणसे उचलली जात होती, सकाळी मृतदेह रस्त्याकडेला सापडत होते आणि वर्तमानपत्रे दुसरेच काही सांगत होती.

मार्टिन-बारो यांनी १९८४ मध्ये युद्ध आणि मानसिक आरोग्य या विषयावर लिहिताना तीन गोष्टींवर बोट ठेवले : हिंसा, समाजाची दोन तुकड्यांत झालेली फाळणी आणि वरपासून खालपर्यंत मुरलेले खोटे. यातली तिसरी वाचून मी थांबलो, कारण मानसिक आरोग्यावरच्या लेखात ती अपेक्षित नव्हती. त्यांचा मुद्दा असा : मुलगा बेपत्ता आहे हे आईला माहीत असते, पण ते मोठ्याने म्हणता येत नाही. शेजाऱ्याशी बोलता येत नाही, कारण तो कोणत्या बाजूचा आहे कळत नाही. मग ती आजारी पडते तेव्हा आजार तिच्या एकटीच्या डोक्यात आहे असे म्हणायचे का? त्यांच्या मते जखम माणसामाणसांमधल्या संबंधांना झालेली असते. तिला त्यांनी मानस-सामाजिक आघात म्हटले. अशा देशात घाबरलेला माणूस निरोगी असू शकतो आणि शांत झोपणारा आजारी.

‘आळशी लॅटिनो’ हे काय प्रकरण?

अ‍ॅप बनवणाऱ्यांनी त्यांचे एकच लिखाण वाचायचे ठरवले तर मी १९८७ चा लेख सुचवीन. लॅटिन अमेरिकेतला माणूस दैववादी, आळशी, आजचे उद्यावर टाकणारा असतो, हे चित्र सिनेमांपासून समाजशास्त्राच्या पुस्तकांपर्यंत रूढ होते. मार्टिन-बारो यांनी ते तपासले. दैववाद म्हणजे स्वभाव नाही, असे त्यांचे निरीक्षण. वर्षानुवर्षे कष्ट करून जमीन मिळत नाही, तक्रार केली तर मार मिळतो, संघटना केली तर जीव जातो. इथे उद्याचे नियोजन न करणे हा अनुभवातून शिकलेला शहाणपणा असतो. परिस्थितीने दिलेल्या शिकवणुकीला संस्कृतीचा दोष म्हटले की परिस्थितीकडे बघायची गरज उरत नाही, हा त्यांचा आक्षेप होता.

आता हे अ‍ॅपच्या डॅशबोर्डवर आणून पाहा. वापरकर्त्याने तीन दिवस ‘होमवर्क’ केले नाही. अल्गोरिदम त्याची प्रेरणा कमी असल्याची नोंद करतो आणि आणखी नोटिफिकेशन पाठवतो. त्याच्या दोन पाळ्या आहेत, फोन घरातल्या तिघांत एक आहे, खोलीत बोलायला एकांत नाही, यातले काहीच त्या नोंदीत येत नाही. कागदावर ती वापराची आकडेवारी दिसते, प्रत्यक्षात तोच जुना आळशी लॅटिनो असतो.

सर्वेक्षणे धोकादायक कशी ठरली?

१९८६ मध्ये मार्टिन-बारो यांनी ऊकामध्ये जनमत संस्था सुरू केली. ‘इउदोप’ हे तिचे लघुनाम. युद्धात बुडालेल्या देशात लोकांना काय वाटते, हे पद्धतशीरपणे विचारायचे आणि उत्तरे छापायची, इतके साधे काम. त्यांच्या दृष्टीने मात्र हा उपचाराचाच भाग होता. सरकार म्हणत होते जनतेला युद्ध जिंकायचे आहे, बंडखोर म्हणत होते जनता उठावाच्या तयारीत आहे. सर्वेक्षणांत वारंवार दिसले ते हे की बहुसंख्यांना वाटाघाटी हव्या होत्या. आपल्याला वाटते तेच शेजाऱ्यालाही वाटते, हे छापील आकड्यांत पाहणे म्हणजे खोट्याची पकड थोडी सैल होणे. आरसा समोर धरण्यासारखे ते होते.

भीतीच्या राज्यात माणूस अनोळखी प्रश्नकर्त्याला खरे का सांगेल, ही अडचण त्यांना पुरती माहीत होती आणि तिच्यावर त्यांनी लिहिलेही. नाव नोंदवले जाणार नाही, उत्तर पोलिसांकडे जाणार नाही, हा विश्वास हीच सर्वेक्षणाची पहिली अट होती.

या मुद्द्याला आजचा संदर्भ आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये ‘बेटरहेल्प’ या ऑनलाइन थेरपी सेवेवर ठपका ठेवला, की ग्राहकांचे ईमेल आणि प्रश्नावलीतील मानसिक आरोग्याची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट यांसारख्या कंपन्यांना दिली गेली. प्रकरण ७८ लाख डॉलर देऊन मिटले. कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरिताला अशी बातमी पुरेशी असते. मग अ‍ॅपमधले शब्द कितीही जिव्हाळ्याचे असले तरी तो पहिल्या प्रश्नाला खरे उत्तर देणार नाही.

त्या रात्री काय घडले?

११ नोव्हेंबर १९८९ रोजी बंडखोरांनी राजधानीवर मोठा हल्ला चढवला. लष्करी वर्तुळात ऊकाच्या जेझुइटांना बंडखोरांचा मेंदू समजले जाई. १५ नोव्हेंबरच्या रात्री वरिष्ठ अधिकाऱ्यांनी विद्यापीठाचे कुलगुरू इग्नासिओ एयाकुरिया यांना मारण्याचा आणि साक्षीदार मागे न ठेवण्याचा आदेश दिला, असे पुढे संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने नोंदवले. अमेरिकेने प्रशिक्षण दिलेल्या ‘आत्लाकात्ल’ बटालियनचे सैनिक मध्यरात्रीनंतर आवारात शिरले. जेझुइटांना बाहेर काढून बागेत पालथे झोपवले. शेजारच्या इमारतीतून एका महिलेने ऐकलेल्या आवाजांत मार्टिन-बारो यांचा विरोधाचा आवाज होता. सहा धर्मगुरू मारले गेले. त्यांच्यासोबत स्वयंपाक सांभाळणाऱ्या एल्बा रामोस आणि त्यांची किशोरवयीन मुलगी सेलिना. बाहेर गोळीबार चालू असल्याने सुरक्षित जागा म्हणून मायलेकी त्या रात्री तिथे राहिल्या होत्या. जाताना सैनिकांनी इमारतीवर गोळ्या आणि रॉकेट्स झाडली आणि बंडखोरांनी हे केले, असे भासवणारा पुठ्ठ्याचा फलक मागे ठेवला. खोटे हा युद्धाचा तिसरा घटक आहे, असे लिहिणाऱ्या माणसाच्या मृतदेहाशेजारी.

मार्टिन-बारो यांना ४७ वर्षे पूर्ण होऊन नऊ दिवस झाले होते.

१९९१ मध्ये दोन लष्करी अधिकारी दोषी ठरले. १९९३ मध्ये सत्यशोधन आयोगाचा अहवाल आला आणि पाठोपाठ सर्वांना माफी देणारा कायदाही. दोघे सुटले. तो कायदा २०१६ मध्ये घटनाबाह्य ठरला. २०२० मध्ये स्पेनच्या न्यायालयाने माजी कर्नल इनोसेंते मोंतानो यांना पाच स्पॅनिश जेझुइटांच्या हत्येसाठी १३३ वर्षांची शिक्षा सुनावली. पाच, कारण सहावे धर्मगुरू आणि रामोस मायलेकी स्पॅनिश नव्हत्या.

मग अ‍ॅप बनवायचेच नाही का?

बनवावे. मात्र मार्टिन-बारो यांच्याकडे तयार कृती नाही, हे आधी मान्य करायला हवे. ते रुग्ण तपासणारे थेरपिस्ट नव्हते, समाज-मानसशास्त्रज्ञ होते. त्यांच्या लेखांतून पायरी एक, पायरी दोन निघत नाही. त्यांच्या निवडक लेखांचे इंग्रजी पुस्तक हार्वर्ड विद्यापीठाने १९९४ मध्ये काढले. त्याच्या संपादकांपैकी एड्रिएन आरोन या कॅलिफोर्नियात मध्य अमेरिकेतून आलेल्या निर्वासितांसोबत काम करत. हे लोक ज्या युद्धातून पळाले त्याच युद्धाला अमेरिका पैसा पुरवत होती. १९८४ मध्ये साल्वादोरी अर्जदारांपैकी ३ टक्क्यांहूनही कमी लोकांना तिथे आश्रय मिळाला. आरोन यांनी ‘तेस्तिमोनियो’ ही पद्धत पुढे नेली. चिलीतील हुकूमशाहीत ती जन्मली होती. छळ सोसलेला माणूस आपली कहाणी सांगतो, ती टिपली जाते, त्याच्यासोबत बसून नीट लिहिली जाते आणि दस्तऐवज म्हणून त्याच्याच हाती दिली जाते. आजार म्हणून मनात कोंडलेली गोष्ट साक्ष म्हणून बाहेर येते.

हे फोनवर होऊ शकते. आवाज रेकॉर्ड करणे हे अ‍ॅपमधले सर्वात सोपे काम आहे. ते रेकॉर्डिंग कोणाच्या मालकीचे, हे कठीण. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक रुग्णालयात याहून साधा प्रयोग झाला. गटाने होणाऱ्या थेरपीला येणाऱ्या स्पॅनिश आणि इंग्रजी भाषक गरीब रुग्णांना रोज एसएमएसवर मन:स्थिती विचारली जाई. तिथे फोनच्या पलीकडे एक खोली होती, खुर्च्या होत्या आणि आठवड्याला भेटणारी माणसे होती.

मला अवघड वाटतो तो प्रश्न इथेच आहे. थेरपी अ‍ॅप मुळात एका माणसासाठी, एका स्क्रीनवर, एकट्याने वापरायला घडवलेले असते. जखम माणसांच्या मधोमध आहे असे मानले तर ‘वोस’ की ‘उस्तेद’ हा निर्णय अचूक घेऊनही ते चुकीच्या जागी मलम लावत असेल. त्याला गट जोडणे, कामाच्या ठिकाणच्या फसवणुकीसाठी वकिलाचा नंबर देणे, खऱ्या भीतीला खरी म्हणणे हे सगळे कोडमध्ये करता येते. पण पैसे देणारा विमा बहुधा या गोष्टींना थेरपी मानत नाही.

सान साल्वादोरमध्ये आज ज्या बागेत ती माणसे मारली गेली तिथे गुलाब आहेत. एल्बा यांचे पती, त्याच विद्यापीठात काम करणारे ओब्दुलियो रामोस यांनी ते लावले. आणि इउदोप ही संस्था अजूनही लोकांना प्रश्न विचारते.